मागे बांधायच्या तीन गाठी

माझ्याकडे सहा बायका शिवायला येतात. जूनमध्ये शाळांचे गणवेश असतात, तेव्हा डोकं वर काढायला वेळ नसतो. दिवाळीच्या आधी पडदे, अभ्रे, ब्लाउज. दिवाळी झाली की मात्र सिडकोतल्या माझ्या त्या गाळ्यात मशिन्स गप्प बसतात. जानेवारी ते एप्रिल हा काळ द्राक्षाच्या पॅकहाऊसचे ॲप्रन मिळाले तरच भरून निघतो. नाही मिळाले तर सहाजणींना घरी बसवावं लागतं, आणि घरी बसलेली बाई दुसरीकडे लागली की परत येत नाही.

पिंपळगावच्या बाजूला हायवेच्या आत एक मोठं पॅकहाऊस आहे. हंगामात तिथे दीडेकशे बायका टेबलांशी उभ्या राहून द्राक्षाचे घड साफ करतात, खराब मणी कात्रीने काढतात आणि डब्यांत भरतात. सगळ्यांच्या अंगात ॲप्रन, डोक्याला टोपी. दोन हंगामांपूर्वी तिथले ॲप्रन शिवायचं काम मला मिळालं आणि पंधरा दिवसांत गेलंही. तिथल्या मॅनेजरने माझा सगळा माल टेम्पोत घालून परत पाठवला. त्याआधी टेबलावरच्या बायकांदेखत मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

हे वाक्य मी विसरले नाही. विसरायचं ठरवलंही नाही. माल चांगला होता. कापड मी स्वतः मालेगावला जाऊन निवडलेलं, शिवण दुहेरी. ॲप्रन सरकू नये म्हणून पाठीमागे एकाऐवजी तीन ठिकाणी गाठी दिलेल्या. असा माल परत करणारा माणूस एकतर अडाणी असला पाहिजे नाहीतर त्याला दुसरीकडून काहीतरी मिळत असलं पाहिजे, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

माझ्या तापटपणाबद्दल लोक बोलतात ते खोटं नाही. पण मला कोणी काही हातात आणून दिलेलं नाही. वडील ओझरच्या विमानाच्या कारखान्यात कँटीनमध्ये होते, आम्ही चौघी बहिणी. वसाहतीतल्या विहारात दुपारचा शिवणवर्ग चालायचा, तिथे मी शिकले आणि तिथलंच जुनं मशिन मागून आणून सुरुवात केली. बाकी सगळं बोलण्यावर मिळवलं. भाव करणं मला येतं. समोरचा पहिल्यांदा जे बोलतो ते खरं नसतं, हे भाव करणाऱ्याला कळावं लागतं. माल बघून 'छान आहे' म्हणणारा पुढे निघून जातो. खोड काढणारा थांबणार असतो. त्याची एकेक खोड हातात घ्यायची, लहान करत न्यायची, शेवटी त्याच्याच तोंडून 'तसं काही नाही' वदवून घ्यायचं. मी हे इतकी वर्षं केलं की ते करतेय हे मला जाणवतही नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात कळलं की त्या पॅकहाऊसला पुन्हा नवे ॲप्रन हवे आहेत आणि दिवाळीनंतर नमुने बघणार आहेत. मी फोनवर बहिणीला तो मॅनेजर, त्याचा माज, सगळं पहिल्यापासून ऐकवत होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरीण पडद्यांचं माप घेऊन खाली आली. पस्तिशीची बाई, एक मुलगी शाळेत, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून लॅपटॉपवर करायची. मोबाईलवरची ॲप बनवणारी कंपनी. पण हिचं काम ॲप बनवायचं नव्हतं. ती ॲप वापरणाऱ्यांशी बोलायची, त्यांना वापरताना बघायची आणि त्यातून काय बदलावं हे काढून द्यायची. त्याला युजर रिसर्च म्हणतात, एवढं मला माहीत झालेलं होतं. लोकांशी गप्पा मारायचा पगार मिळतो, असं मी त्याचं भाषांतर केलेलं.

माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली. मग तिने विचारलं, परत का पाठवला माल? मी म्हटलं, माज. तिने पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, भाव पडावा म्हणून. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिच्याकडे पडद्यांचं माप मागितलं.

"घालणाऱ्या बायकांना विचारलंत का काकू?"

मी म्हटलं, त्या काय सांगणार, त्या थोड्याच विकत घेतात. पण तिचा प्रश्न डोक्यात राहिला. दोन दिवसांनी मीच वर गेले आणि सौदा केला. तिने मला हे काम शिकवायचं, मी तिच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे शिवून द्यायचे. तिला अस्तरासकट हवे होते. मी बिनअस्तराचे ठरवून खाली आले.

विचारायचं कसं ते तिने सांगितलं. घरी जा, घाई करू नका, परवानगी घेऊन फोनवर बोलणं रेकॉर्ड करा, ॲप्रन सोबत न्या आणि घालून दाखवायला सांगा. गणपती झाल्यावर मी पिंपळगावच्या आसपासच्या तीन गावांत फिरले. पॅकहाऊसवर जाणाऱ्या अकरा बायका भेटल्या. काहीजणी कांदा साठवायच्या चाळीत सडका कांदा निवडत होत्या, काही घरी होत्या. सगळ्यांनी चहा पाजला. पहिल्या दोघीतिघी 'छान हाय की ॲप्रन' म्हणाल्या आणि मी ते लिहिलंही नाही, तेवढी अक्कल मला होती. मी खोडी गोळा करत होते.

वही भरून आणली. पुढचं काम होतं त्यातून अर्थ काढायचं. तिने सांगितलं, एक मुद्दा एका चिठ्ठीवर. मी कपडे बेतायचे जुने कागद कापून चिठ्ठ्या केल्या आणि दुपारी बायका जेवायला बसल्या असताना कटिंगच्या टेबलावर त्यांचे ढीग लावले. गळा, बाही, लांबी, कापड, गाठ. कशातच न बसणाऱ्यांचा एक 'इतर'. अर्ध्या तासात मी मोकळी झाले. निष्कर्ष काढला की कापड जरा पातळ हवं, बाकी ॲप्रन ठीक आहे. म्हणजे मॅनेजरचाच दोष होता. मला बरं वाटलं.

भाडेकरीण खाली आली, पण तिने ढिगांना हात लावला नाही. वही वाचत बसली. मग म्हणाली, "अकराही जणींना सगळं 'कधीतरी'च होतं का हो?"

खरोखर वहीत जिकडेतिकडे 'कधीतरी', 'फारसं नाही', 'अडचण नाही' होतं. मी म्हटलं, त्या बोलल्या तेच लिहिलंय. ती म्हणाली, मग ऐकू या. आणि तिने माझ्या फोनवरचं त्यातल्या एका बाईचं रेकॉर्डिंग लावलं. साठीकडे झुकलेली, चाळीत बसलेली बाई होती ती.

"लय अवघडतं गाठीचं," बाई सांगत होती.

"रोज?" हा माझा आवाज.

"रोजच की."

"दिवसातून किती वेळा सोडावी लागते?"

"चार-पाचदा."

"एकदा जेवताना, एकदा घरी जाताना. मग दोनदाच झालं ना?"

"हां, दोनदा म्हणा."

"आणि सोडायला शेजारी बाई असतेच की."

"असते."

"मग काही अडत नाही."

"नाय, तसं नाय अडत."

माझ्या वहीत तिच्या नावावर एकच ओळ होती: गाठ, अडचण नाही.

भाडेकरणीने फोन बंद केला. हसली नाही, एवढे तिचे उपकार. "काकू," ती म्हणाली, "तुम्ही तिच्या त्रासाचा भाव पाडलात."

मी भडकले. माझ्या गाळ्यात येऊन मला शिकवू नकोस म्हटलं, पडद्याचं कापड तिच्या हातात कोंबलं आणि दुसरा शिंपी बघ म्हणून सांगितलं. शिकवायलाच मी तिला बोलावलं होतं हे मला त्या क्षणी आठवलं नाही. ती कापड तिथेच ठेवून वर निघून गेली.

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण एका दुपारी हातशिलाई करताना कानात फोनची बोंडं घातली आणि सगळ्या अकराजणी ऐकल्या. प्रत्येकीत तेच. बाई काहीतरी सांगायला सुरुवात करते, मी मध्ये घुसते, तिचं बोलणं घासाघीस करून अर्ध्यावर आणते आणि उरलेलं लिहून घेते. एकीला तर मी म्हटलंय, अहो, एवढं काय त्यात, आणि ती बिचारी म्हणतेय, खरंय ताई. तिच्या बोलण्यापेक्षा माझंच बोलणं जास्त होतं. मला स्वतःचा आवाज आवडेनासा झाला.

मी वर जाऊन माफी मागितली नाही. मला ते जमत नाही. मी विचारलं, आता हे परत कसं लिहायचं? तिला ते पुरलं. तिने सांगितलं, माणूस पहिल्यांदा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत एका चिठ्ठीवर. तुमच्या प्रश्नानंतर तो जे म्हणाला ते वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर, म्हणजे ढकलून मिळालेलं उत्तर कुठलं ते दिसेल. आणि तुम्हाला स्वतःला जे वाटतं ते तिसऱ्या रंगावर, नाहीतर ते गुपचूप बाकीच्यांत मिसळतं. शिवणकामात मी धाग्याचे रंग मिसळू देत नाही. हे मला पटलं.

पुन्हा लिहायला आठ दिवस लागले. ती रोज दुपारी मुलीची रिक्षा यायच्या आत तासभर खाली यायची. एकदा रेकॉर्डिंग चालू असताना तिने मध्येच थांबवलं. "ही हाक कोणाला मारली?"

मी लक्षच दिलेलं नव्हतं. बोलता बोलता बाई ओरडली होती, "ए, इकडं ये गं जरा." मी आठवून सांगितलं की तिने जावेला बोलावलं होतं. मी तिला ॲप्रन घालून दाखवायला सांगितलं होतं आणि पाठीमागच्या गाठी बांधायला तिला कोणीतरी हवं होतं.

पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये एकीने मुलीला हाक मारली होती. तिसरीने गल्लीपलीकडच्या बाईला, तीही दोनदा, कारण पहिल्यांदा तिने ऐकलं नाही. अकरापैकी आठजणींच्या बोलण्यात हाक होती. माझ्या वहीत एकही नव्हती, कारण ते काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिने मला प्रत्येक हाकेची चिठ्ठी करायला लावली. लोक सांगतात ते एक, करतात ते दुसरं, म्हणाली, आणि केलेल्यावर तुम्हाला घासाघीस करता आली नाही.

मग ढिगांची पाळी आली. मी परत गळा, बाही, गाठ असेच ढीग लावायला लागले. तिने हात धरला. म्हणाली, हे कपड्याचे भाग झाले काकू, कापायच्या वेळी लागतील. बाईचा दिवस असा भागांत नसतो. सकाळी गाडीत बसल्यापासून संध्याकाळी उतरेपर्यंत काय काय होतं, तसं लावून बघा.

मी सगळे ढीग मोडले. टेबलाच्या एका टोकाला सकाळ, दुसऱ्या टोकाला संध्याकाळ, आणि चिठ्ठ्या ज्या त्या वेळेपाशी नेऊन ठेवू लागले. 'इतर'मध्ये टाकलेल्या चिठ्ठ्यांना आता जागा मिळत गेल्या. 'जेवणाच्या सुट्टीत निम्मा वेळ वाट बघण्यात जातो.' 'दोघी एकदम टेबल सोडून गेल्या की सुपरवायझर वरडते.' आणि चार वेगवेगळ्या बायकांच्या चार चिठ्ठ्या, ज्या मी ॲप्रनशी संबंध नाही म्हणून बाजूला सारल्या होत्या: 'मी दिवसभर पाणी पीत नाय.'

पाण्याच्या चिठ्ठ्या गाठीच्या चिठ्ठ्यांशेजारी आल्या तेव्हा मी त्या ओळीने वाचत गेले. पॅकहाऊसचा नियम असा की बाथरूमला जाताना ॲप्रन बाहेर काढून ठेवायचा. ॲप्रन काढायचा तर मागच्या गाठी सोडायला दुसरी बाई हवी. दुसरी उठली तर बोलणी बसतात. म्हणून उठायचंच नाही, आणि उठायला लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. आठ-नऊ तास उभं राहून. त्या घालतात त्या ॲप्रनला मागे एकच गाठ, तरी हे. मी तीन केल्या होत्या, आणि मला त्याचा अभिमान होता.

भाडेकरीण म्हणाली, घाई नको, अकराजणींवरून दीडशेजणींचं ठरवू नका. हा अंदाज आहे, खरा की खोटा ते शिवून आणि घालायला देऊन बघायचं. मी मान डोलावली, पण मला त्याच वेळी दुसरं काहीतरी आठवत होतं. दोन हंगामांपूर्वी त्या मॅनेजरने माझा ॲप्रन हातात धरून म्हटलं होतं, "बायकांचा फार वेळ जातो याच्यात." मी भाव खाली आणला. त्याने पुन्हा तेच म्हटलं. मी आणखी खाली आणला. त्याने तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी त्याला सुनावलं की आता यापेक्षा फुकट न्या. त्यानंतर तो 'तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही' हे वाक्य बोलला होता. माणूस खरंच वेळेबद्दल बोलत होता. मी भाव ऐकत होते.

यामुळे तो सुटला असं नाही. बायकांदेखत बोलायची गरज नव्हती, आणि वेळ जातो म्हणजे नेमकं काय होतं हे त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. तो राग मी ठेवलेला आहे.

नवा नमुना मी स्वतः कापला. दोन्ही पाखे पुढे एकमेकांवर येतील असे, आणि एकच नाडी कमरेला डाव्या बाजूला, म्हणजे जिची तिला हाताला येईल. बटण चालत नाही, तुटून डब्यात पडलं तर माल परत येतो. खिसाही चालत नाही. लोंबती टोकं द्राक्षात जाऊ नयेत म्हणून आतून एक पट्टी दिली, त्यात नाडी खोचली जाते. पदर जाड बसतो तिथे खांद्याला एक चुणी.

दिवाळीनंतर नमुना घेऊन गेले तेव्हा मॅनेजरने मला ओळखलं आणि त्याच्या तोंडावर ते दिसलं. मी भावाची गोष्टच काढली नाही. त्याला विचारलं, वेळ जातो म्हणजे कुठे जातो? तो सांगायला लागला. मी मध्ये बोलले नाही. किती कठीण होतं ते माझं मला माहीत. जानेवारीत काम सुरू झालं की एका टेबलाला आठ दिवस घालायला द्यायचे, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेऊन मी उठले.

आठ दिवसांनी त्याने बोलावलं. काचेच्या ऑफिसातून हॉल दिसत होता. तो म्हणाला, ॲप्रन बरा आहे, सगळ्या टेबलांना घेतो, पण गाठ मागे करून द्या. मी कारण विचारलं. त्याने सांगितलं की त्या टेबलावरच्या बायका पूर्वीपेक्षा जास्त वेळा उठतात.

"आणि परत किती वेळात येतात?"

लवकर येतात, त्याने मान्य केलं. कोणी कोणाला घेऊन जात नाही. पण उठणं वाढलंय, आणि बाकीची टेबलं बघतात. गाठ मागे घ्या, आजच्या आज सगळं काम तुम्हाला देतो. नाहीतर हे परत घेऊन जा.

माझ्यापुढे सहाजणी दिसत होत्या. त्यांतल्या दोघींनी आदल्याच दिवशी विचारलं होतं की पुढच्या आठवड्यात यायचं की नाही. गाठ मागे करणं म्हणजे कात्रीचं दहा मिनिटांचं काम. आणि कुठल्याही सौद्यात मी मधली वाट काढतेच, एक पुढे एक मागे असं काहीतरी. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या चार चिठ्ठ्या मी स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या, दोनदा. मी म्हटलं, "यात कमी-जास्त नाही होणार, साहेब. बायका पाणी पितात म्हणून उठतात."

त्याने खांदे उडवले. ठीक आहे, काढून घ्या म्हणाला, आणि मला घेऊनच हॉलमध्ये गेला. टेबलाशी जाऊन त्याने सुपरवायझरला ॲप्रन जमा करायला सांगितलं. कोणी हात थांबवला नाही. कात्र्या चालत राहिल्या. टेबलाच्या टोकाला एक उंच, सावळी बाई होती, माझ्या अकराजणींतली नव्हती, मी तिला पूर्वी बघितलेलंही नव्हतं. तिने हातातला घड डब्यात नीट बसवला आणि मग मॅनेजरकडे वळली.

"साहेब, गाठ आता आमची आमच्या हाताला येती. आम्ही नाय सोडत."

दुसरी म्हणाली, "सोडायला आता दुसरी लागत नाय, मग काढून घ्यायलाबी दुसरं कुणी नको." टेबल हसलं. शेजारचं टेबलही हसलं. तिथल्या एकीने विचारलं, आमचे कधी येणार हो?

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असणार. मी शेजारच्या टेबलावरच्या बायका मोजत होते. मग त्यालाही जरासं हसू आलं आणि तो ऑफिसकडे वळला. त्या हॉलमधल्या अर्ध्या टेबलांचं काम त्याने मला दिलं. उरलेल्या अर्ध्यांचं तो पुढच्या हंगामात बघू म्हणतो.

भाडेकरीण आता पुण्याला राहायला गेली आहे. तिचं ऋण मी मानते आणि तिला फोनवर तसं सांगितलंही, जमेल तसं. जिचं 'चार-पाचदा' मी 'दोनदा' केलं त्या चाळीतल्या बाईकडे मी पुन्हा जाऊन आले. पण हॉलमधल्या त्या उंच बाईशी माझं कधीच बोलणं झालं नाही. हंगाम संपला आणि ती कुठल्या गावची हेही मला कळलं नाही. तिला माहीतही नसेल की कोणाची कोण लागत नसताना तिने एक वाक्य बोलून माझ्याकडच्या सहाजणींना एप्रिलपर्यंत मशिनवर बसवलं.